भारताची सुपरसॉनिक आणि हायपरसॉनिक क्षेपणास्त्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राह्मोसची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आधी तिरंगी चित्रांचा पाऊस पडतो आणि मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारतं, 'पण माख म्हणजे नक्की किती रे?' हे पान त्या कोपऱ्यातल्या माणसासाठी आहे. मी नाशिकचा. ओझरच्या धावपट्टीवरून उठलेलं सुखोई लढाऊ विमान घरावरून गेलं की आजही मान आपोआप वर जाते, त्यामुळे या विषयात थोडा जीव अडकलेला आहे. पण जीव अडकला म्हणून आकडे फुगवायचे नाहीत, एवढं पथ्य पाळलंय.

माख म्हणजे किती वेग?

माख ही गुणोत्तराची भाषा आहे. त्या जागच्या हवेत आवाज ज्या वेगाने जातो त्याच्या किती पट, ते माख सांगतो. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्यावरून हे नाव पडलं. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस तापमान असेल तर आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ताशी साधारण १,२२५ किलोमीटर. वर ११ किलोमीटरच्या पुढे हवा थंडगार असते, तिथे हाच वेग ताशी १,०६० किलोमीटरपर्यंत उतरतो. म्हणून 'माख ३ म्हणजे ३,६७५ किलोमीटर' असा सरधोपट गुणाकार बातम्यांत दिसला तर तो सैल हातानेच घ्यायचा.

माख १ च्या पुढे सुपरसॉनिक, आपल्याकडचा जुना शब्द स्वनातीत. माख ५ च्या पुढे हायपरसॉनिक. पहिली रेषा निसर्गाने आखलेली आहे, तिथे खरोखर धक्कातरंग तयार होतात. दुसरी माणसांनी सोयीसाठी आखली. माख ४.९ ला काही नाही आणि ५.१ ला आभाळ कोसळलं, असं होत नाही. त्या सुमाराला उष्णता हाच मुख्य शत्रू होऊन बसतो, एवढंच.

अग्नी तर केव्हापासून त्याहून जोरात जातं. मग हायपरसॉनिकचं एवढं कौतुक कशाला?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि तो फार कमी जण विचारतात.

अग्नीची पहिली चाचणी २२ मे १९८९ ला झाली. लांब पल्ल्याचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र वातावरणात परत शिरताना माख ५ च्या कितीतरी पुढे असतं. ती उष्णता झेलायला त्याच्या टोकावर कार्बनच्या धाग्यांचं कवच लागतं आणि ते आपल्याकडच्या लोकांनी तेव्हाच करून दाखवलं होतं. म्हणजे निव्वळ वेगाचा हिशेब लावला तर आपण तीन दशकांपूर्वीच हायपरसॉनिक झालो.

फरक वाटेचा आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे भिरकावलेला दगड. सुरुवातीची काही मिनिटं रॉकेट ढकलतं, पुढे वर जाऊन खाली येणारी कमान. ती कमान एकदा रडारला कळली की कुठे पडणार याचा अंदाज बांधता येतो. आज ज्याला हायपरसॉनिक शस्त्र म्हणतात ते हवेतच राहतं आणि त्या वेगात वळतं. त्याचे दोन प्रकार. एक ग्लाइड, म्हणजे रॉकेटने उंच नेऊन सोडायचं आणि मग तळ्यावर मारलेला चपटा दगड जसा टप्पे घेत जातो तसं हवेच्या आधाराने लांबवर घसरत न्यायचं. दुसरा क्रूझ, म्हणजे इंजिन शेवटपर्यंत चालू ठेवायचं.

मधली पायरीही आपल्याकडे आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा उडवलेलं शौर्य सुमारे ७०० किलोमीटर पल्ल्याचं आहे. त्याची कमान चपटी असते आणि वेग माख ७ च्या वर जातो.

थोडक्यात, वेग गाठणं हे एक काम आणि दाट हवेत तो वेग टिकवून हवं तिथे वळणं हे दुसरं. खालच्या बहुतेक उत्तरांत हाच धागा पुन्हा भेटेल.

रॅमजेट आणि स्क्रॅमजेट यांत फरक काय?

सायकलच्या चाकात हवा भरून झाली की पंपाचं खालचं टोक धरून पाहा. चटका बसतो. थोडा घर्षणाचा असतो, पण मुख्य कारण हवा दाबली गेली हे. समोरून येणारी हवा अडवली की ती दबते आणि तापते.

प्रवासी विमानाच्या जेट इंजिनात हवा दाबायला पुढे पाती फिरतात. रॅमजेटला पाती नसतात. क्षेपणास्त्र इतक्या जोरात जात असतं की तोंडातून शिरणारी हवा स्वतःच्याच रेट्याने दाबली जाते. त्यात इंधन फवारलं, पेटवलं, मागून झोत सोडला की झालं. पण थांबलेलं रॅमजेट सुरूच होत नाही. त्याला आधी कुणीतरी धक्का द्यावा लागतो, ढकलगाडीसारखा. म्हणून ब्राह्मोसच्या मागच्या टप्प्यात घन इंधनाचं बूस्टर असतं. ते क्षेपणास्त्राला आवाजाच्या वेगापलीकडे नेतं आणि गळून पडतं.

रॅमजेटमध्ये हवा आवाजाच्या वेगाखाली आणून मग जाळतात. माख ३ ला अशी हवा उंचावर साधारण ३४० अंशांपर्यंत तापते. धातूला ते सोसतं. पण हाच खेळ माख ६ ला करायला गेलं की आकडा १,५०० अंशांच्या आसपास पोहोचतो, पोलाद वितळण्याच्या पंक्तीत. हवाच इतकी तापलेली की तिच्यात इंधन जाळून पदरात फारसं काही पडत नाही.

उपाय एकच: हवा थोडीच मंदावायची, पण आवाजाच्या वेगाखाली येऊ द्यायची नाही. हे झालं स्क्रॅमजेट. आता अडचण उलटी होते. ज्वलन कक्षातून हवा सेकंदाला दीड किलोमीटरने सुसाटते. कक्ष दीड मीटर लांब असेल तर एखादा थेंब आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक हजारांश सेकंद मिळतो. तेवढ्यात इंधन फवारायचं, हवेत मिसळायचं, पेटवायचं आणि जळू द्यायचं. वाऱ्यात बिडी पेटवणारा माणूस ओंजळीचा आडोसा करतो, तसा आडोसा कक्षाच्या आत, हवेची वाट न अडवता करावा लागतो. सगळी विद्या त्या आडोशात आहे.

ब्राह्मोस भारताचं की रशियाचं?

दोघांचं, आणि हे सांगताना कुणी ओशाळायचं कारण नाही.

१२ फेब्रुवारी १९९८ ला दोन्ही सरकारांनी करार केला. तेव्हा डीआरडीओचे, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेचे, प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या नद्यांवरून नाव पडलं. ब्राह्मोस बनवणाऱ्या संयुक्त कंपनीत भारताचा वाटा ५०.५ टक्के, रशियाच्या एनपीओ मशिनोस्त्रोयेनियाचा ४९.५ टक्के. पहिले प्रमुख डॉ. ए. शिवथाणू पिल्लै. पहिली चाचणी ओडिशातल्या चांदीपूरहून १२ जून २००१ ला झाली.

क्षेपणास्त्राचा मूळ घाट रशियाच्या ओनिक्स क्षेपणास्त्राचा आहे. रॅमजेट तिकडून आलं. दिशादर्शन, सॉफ्टवेअर, जहाजावरची आणि ट्रकवरची सोडण्याची यंत्रणा, यांत भारताचा हात सुरुवातीपासून. मग एकेक भाग इकडे बनू लागला. २२ मार्च २०१८ ला पोखरणमध्ये स्वदेशी सीकर लावलेलं ब्राह्मोस उडालं. सीकर म्हणजे शेवटच्या टप्प्यात लक्ष्य हुडकणारा डोळा, आणि असा डोळा सहसा कुणी कुणाला विकत नाही. ३० सप्टेंबर २०२० च्या चाचणीत बूस्टर आणि बाहेरचा सांगाडाही देशी होता.

काही जण 'शंभर टक्के स्वदेशी' म्हणतात, काही 'नुसतं रशियन मालावर आपलं लेबल' म्हणतात. दोन्ही चूक. भागीदारीत शिरायचं आणि वीस-पंचवीस वर्षांत एकेक पुर्जा शिकून घ्यायचा, असा हा प्रकार आहे. माझ्या मते यातली खरी कमाई त्या शिकण्याची आहे.

ब्राह्मोसचे साधे आकडे मिळतील का?

वेग माख २.८ ते ३. जमिनीवरून किंवा जहाजावरून सोडायचं तर वजन सुमारे ३ टन, विमानातून सोडायचं तर २.५ टन. वॉरहेड, म्हणजे स्फोटकांचा भाग, २०० ते ३०० किलो. प्रवासात १५ किलोमीटरपर्यंत उंची, शेवटी समुद्राला जवळपास घासत, १० मीटरपर्यंत खाली. सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतलं अंतर दोन मिनिटांचं. घाटात गाडी बंद पडलेल्यांनी हा आकडा मनावर घेऊ नये.

पल्ला २९० किलोमीटर असाच विचित्र का ठेवला?

कागदामुळे. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, म्हणजे एमटीसीआर, हा देशांचा एक गट आहे. ५०० किलो वजन ३०० किलोमीटरपलीकडे नेऊ शकणारं तंत्रज्ञान गटाबाहेर देऊ नये असा त्यांचा संकेत. रशिया गटात होता, भारत नव्हता. म्हणून रेषेच्या दहा किलोमीटर अलीकडे थांबले.

जून २०१६ मध्ये भारत गटात गेला आणि ११ मार्च २०१७ ला वाढीव पल्ल्याचं ब्राह्मोस उडालंसुद्धा. आता ४०० किलोमीटरच्या पुढची आवृत्ती आहे आणि त्याहून लांब पल्ल्याचं काम चालू आहे. आठ-नऊ महिन्यांत पल्ला वाढला याचा अर्थ यंत्राची ऐपत आधीपासून होती. अडला होता तो कागद.

नाशिकचा यात नेमका काय संबंध?

ब्राह्मोस विमानातून सोडायचं ठरलं तेव्हा विमान एकच होतं, सुखोई-३०. पण अडीच टनांचा एकच नग पोटाखाली लटकवायचा म्हणजे विमानाची कंबर भक्कम करावी लागते. हे काम हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ओझरच्या कारखान्यात झालं. सुधारलेल्या सुखोईने पोटाखाली ब्राह्मोस घेऊन पहिलं उड्डाण केलं ते नाशिकमध्येच, २५ जून २०१६ ला. पुढे २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर पहिल्यांदा ते विमानातून सोडलं गेलं आणि समुद्रातल्या लक्ष्यावर बसलं.

यातला नाजूक क्षण सुटण्याचा आहे. क्षेपणास्त्र आधी नुसतं खाली पडतं. विमानापासून पुरेसं दूर गेलं की मगच बूस्टर पेटतं. अगदी पोटाजवळ पेटलं तर काय होईल ते सांगायला नको. जानेवारी २०२० मध्ये तंजावरला ब्राह्मोसधारी सुखोईंची २२२ क्रमांकाची तुकडी उभी राहिली. तिथून हिंदी महासागर हाताशी येतो.

महाराष्ट्रात आणखी कुठे काय होतं?

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवर प्रत्येकी १६ ब्राह्मोस उभ्या नळ्यांत बसतात. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात ब्राह्मोसचे सांगाडे बनतात. नागपूरलाही ब्राह्मोस कंपनीचं केंद्र आहे. पुण्यात सुतारवाडीला एचईएमआरएल ही प्रयोगशाळा रॉकेटची इंधनं आणि स्फोटकं यांवर काम करते, तर पाषाणची एआरडीई शस्त्रांवर. पाषाण-सुतारवाडीच्या त्या लांबलचक कुंपणाच्या भिंतीवरून रोज कामाला जाणाऱ्या पुणेकराला आत काय शिजतंय याची कल्पना नसते, आणि तसंच असायला हवं.

समुद्राला घासत गेल्याने असा काय फायदा?

पृथ्वी गोल आहे, हा फायदा. जहाजाचं रडार डोलकाठीवर २५ मीटर उंचीवर असेल आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून १० मीटरवर येत असेल, तर ते क्षितिजाआडून बाहेर येतं तेव्हा जेमतेम ३३-३४ किलोमीटरवर असतं. आवाजापेक्षा कमी वेगाचं क्रूझ क्षेपणास्त्र तेवढं अंतर कापायला दोन मिनिटं घेतं. ब्राह्मोस अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. त्यात ओळखायचं, ठरवायचं, उलट मारा करायचा. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: वेग तिप्पट, तर त्याच वजनाचा तडाखा नऊपट.

याची किंमतही मोजावी लागते. खालची हवा दाट, तिथे इंधन भराभर संपतं आणि पल्ला घटतो. म्हणून आधी उंचावरून जायचं आणि शेवटी बुडी मारायची, असा मार्ग निवडतात.

ब्राह्मोस खऱ्या लढाईत वापरलंय का?

मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये. भारताच्या नेत्यांनी नंतर जाहीर सभांतून तसं सांगितलं आणि पाकिस्तानचे पंतप्रधान शहबाज शरीफ यांनीही अझरबैजानमधल्या भाषणात ब्राह्मोसचं नाव घेतलं. कुठे किती पडली याचे जे आकडे फिरतात ते मी इथे देत नाही.

त्याआधीची एक गोष्ट लोक विसरतात. ९ मार्च २०२२ ला एक ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. सुदैवाने जीव गेला नाही. चौकशी होऊन ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आलं. तीन-साडेतीन मिनिटांत दोनशे किलोमीटर जाणाऱ्या वस्तूबाबत 'चुकून' या शब्दाला किती जागा असते, हे त्या संध्याकाळी दोन्ही देशांना कळलं.

बाहेर कुणी विकत घेतलं?

फिलिपिन्सने. जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार झाला, एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोहोचली. किनाऱ्यावरून जहाजांवर मारा करायची आवृत्ती आहे ती. देशात हैदराबाद आणि तिरुवनंतपुरम इथे काम चालतंच, लखनौच्या नव्या केंद्राचं उद्घाटन ११ मे २०२५ ला झालं.

एचएसटीडीव्ही हे काय प्रकरण आहे? ते क्षेपणास्त्र आहे का?

नाही. हायपरसॉनिक टेक्नॉलॉजी डेमॉन्स्ट्रेटर व्हेइकल हे नाव लांबलचक आहे, पण त्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा: तंत्रज्ञान दाखवून देणारं वाहन. स्क्रॅमजेट हवेत पेटतं आणि पेटलेलं राहतं एवढंच सिद्ध करायला बनवलेलं.

पहिला प्रयत्न १२ जून २०१९ ला झाला, ब्राह्मोसच्या पहिल्या चाचणीला बरोबर अठरा वर्षं झाली त्या दिवशी. सरकारी निवेदनात प्रक्षेपण झालं, रडारनी माग ठेवला, माहिती गोळा झाली, तिचं विश्लेषण करू, एवढंच होतं. माख किती, इंजिन किती सेकंद चाललं, यातलं काही नाही. अशी निवेदनं वाचायची सवय लागली की न लिहिलेलंही वाचता येतं.

मग ७ सप्टेंबर २०२०, सकाळी ११ वाजून ३ मिनिटं. ओडिशाच्या किनाऱ्यासमोरचं अब्दुल कलाम बेट, पूर्वीचं व्हीलर बेट. घन इंधनाच्या रॉकेटने वाहनाला ३० किलोमीटर उंचीवर नेलं. उष्णतेपासून जपणारी झाकणं हायपरसॉनिक वेगातच अलग झाली. वाहन सुटलं, हवेचं तोंड उघडलं, इंधन आत गेलं आणि पेटलं. माख ६, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ किलोमीटर, आणि हे २० सेकंदांहून जास्त टिकलं. या वेळी निवेदनात सगळे आकडे होते.

वीस सेकंद ऐकायला फुसके वाटतात. तेवढ्यात ते ४० किलोमीटर गेलं, म्हणजे सीएसएमटीपासून सरळ डोंबिवलीवर.

इस्रोनेही स्क्रॅमजेट उडवलं होतं ना?

हो, आणि आधी. २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून. रॉकेटच्या अंगाला दोन स्क्रॅमजेट इंजिनं लावली होती, माख ६ ला ती सुमारे ५ सेकंद चालली. इंधन हायड्रोजन. इस्रोचा हेतू वेगळा आहे: अवकाशात जाणारं रॉकेट सगळा ऑक्सिजन पाठीवर वाहून नेतं, त्यातला काही वाटेत हवेतून घेता आला तर वजन वाचेल. क्षेपणास्त्राला हायड्रोजन परवडत नाही. तो साठवायला भलीमोठी टाकी आणि अतिथंड तापमान लागतं. शस्त्र तर महिनोन्‌महिने नळीत पडून राहिलं पाहिजे आणि वेळ आली की उठलं पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ ला जे उडालं ते कोणतं?

१६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री कलाम बेटावरून डीआरडीओने लांब पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. पल्ला १,५०० किलोमीटरहून अधिक. समुद्रात पुढे उभ्या केलेल्या जहाजांवरच्या केंद्रांनी शेवटच्या टप्प्यातली वळणं आणि अचूक आघात टिपल्याचं सांगितलं गेलं. यात स्क्रॅमजेट नाही, हे ग्लाइड प्रकारातलं आहे. नौदलासाठीची त्याची जहाजविरोधी आवृत्ती एलआरएएसएचएम या अवघड नावाने ओळखली जाते.

वरच्या वाक्यात माझी नजर 'वळणं' या शब्दावर थांबते. १,५०० किलोमीटर आपण कधीच गाठले होते. इतक्या वेगात, शेवटच्या टप्प्यात, चालत्या जहाजाकडे वळणं ही नवी गोष्ट. जहाज जागच्या जागी उभं नसतं. क्षेपणास्त्र वाटेत असताना ते काही किलोमीटर सरकलेलं असतं. आणि तापलेल्या टोकाभोवती हवेचं आयनीकरण होऊन, म्हणजे तिचे कण विद्युतभारित होऊन, रेडिओ लहरींना अडथळा येतो, म्हणजे नेमकं बघायची वेळ येते तेव्हा डोळ्यांवर पदर.

हैदराबादला हजार सेकंद स्क्रॅमजेट इंजिन चालवलं म्हणतात. जमिनीवर चालवून काय मिळतं?

खूप काही. हवेत वीस सेकंद चालवणं आणि क्रूझ क्षेपणास्त्राला लागतात तशी पंधरा मिनिटं चालवणं, यांत तिपटी-चौपटीचा नाही, जातीचाच फरक आहे. वीस सेकंदांत भिंती तापतात, पण वितळायच्या आत खेळ संपतो. तव्यावरून हात पटकन फिरवता येतो, ठेवता येत नाही.

म्हणून सक्रिय शीतन. डीआरडीएल या हैदराबादच्या प्रयोगशाळेने जानेवारी २०२५ मध्ये असा ज्वलन कक्ष १२० सेकंद चालवला आणि २५ एप्रिल २०२५ ला छोट्या आकाराचा कक्ष १,००० सेकंदांहून जास्त. यात इंधन थेट फवारत नाहीत. आधी ते कक्षाच्या भिंतींतल्या बारीक वाटांतून फिरवतात. फिरताना ते भिंतीची उष्णता शोषतं आणि त्या उष्णतेनेच त्याचे मोठे रेणू तुटून लहान होतात. लहान रेणू लवकर पेटतात. भिंत थंड, इंधन तयार, एका दगडात दोन पक्षी. असं इंधन इथल्या उद्योगांच्या मदतीने देशातच तयार केलं आणि भिंतींना आतून सिरॅमिकचा खास लेप दिला, पोलादाच्या वितळणबिंदूपलीकडेही टिकणारा.

माझ्या लेखी ही दोन वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी होती. आमच्या ग्रुपवर कुणी पाठवली नाही. उड्डाणाचा धूर नाही, व्हिडिओत फक्त एक नळी आणि तिच्या मागे झोत.

याच्या जोडीला १९ डिसेंबर २०२० ला हैदराबादमध्ये हायपरसॉनिक पवनबोगदा, म्हणजे प्रतिकृतीवर सुसाट हवा सोडून तपासायची जागा, सुरू झाला. एक मीटर तोंडाचा, माख ५ ते १२ पर्यंतची हवा तयार करणारा. एवढा मोठा बोगदा तोवर अमेरिका आणि रशियाकडेच होता. आधी प्रतिकृती घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागे, आणि दारातल्या माणसाला आपली प्रतिकृती दिसे.

मग भारत जगात कितवा?

क्रमांक लावणाऱ्यांपासून सावध राहा. रशियाने अव्हानगार्ड हे ग्लाइड प्रकारातलं शस्त्र डिसेंबर २०१९ मध्ये सेवेत घेतल्याचं जाहीर केलं. चीनने त्याच प्रकारातलं डीएफ-१७ त्याच वर्षी १ ऑक्टोबरच्या संचलनात दाखवलं. अमेरिकेच्या एक्स-४३ए या प्रायोगिक स्क्रॅमजेट विमानाने माख ९.६ गाठला तो १६ नोव्हेंबर २००४ ला, आपल्या नोव्हेंबर २०२४ च्या चाचणीच्या बरोबर वीस वर्षं आधी. आणि २०१३ मध्ये त्यांच्या एक्स-५१ चं स्क्रॅमजेट तब्बल २१० सेकंद चाललं. एवढं असून अमेरिकेला सेवेत घेण्याजोगं हायपरसॉनिक शस्त्र तयार करायला दमछाक झाली. प्रयोग आणि शस्त्र यांतलं अंतर किती, ते यावरून कळतं. भारताचं सुपरसॉनिक शस्त्र पक्कं, आजमावलेलं, विकलं जाणारं आहे. हायपरसॉनिकमध्ये आपण चाचण्यांच्या टप्प्यावर आहोत.

ही क्षेपणास्त्रं अडवताच येत नाहीत, हे खरं?

नाही. रशियाचं किंझाल असंच अजिंक्य म्हणून मिरवलं जायचं. मे २०२३ मध्ये युक्रेनने कीव्हवर ते पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेने पाडलं आणि अमेरिकेनेही दुजोरा दिला. मुळात किंझाल विमानातून सोडलेलं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आहे, म्हणजे पुन्हा तेच: वेग आहे, वळणं मर्यादित. शिवाय दाट हवेत शिरल्यावर कुठल्याही क्षेपणास्त्राचा वेग घटतोच. अडवणं अवघड होतं, वेळ कमी मिळतो, खर्च वाढतो. इतकंच म्हणता येईल.

ब्राह्मोस-२ कधी येणार?

माख ६-७ चं, स्क्रॅमजेटवर चालणारं ब्राह्मोस गेली पंधरा वर्षं 'येणार' या काळात आहे. तारीख सांगणाऱ्याकडून लेखी घ्या.

नोटॅम निघाला म्हणजे चाचणी होणारच ना?

नोटॅम म्हणजे वैमानिकांना दिलेली सूचना: या तारखांना या पट्ट्यात येऊ नका. समाजमाध्यमांवर हौशी मंडळी त्या पट्ट्याची लांबी मोजून क्षेपणास्त्राचं नाव ठरवतात. लांबीवरून अंदाज बांधता येतो, नाव नाही. सूचना रद्दही होतात, पुढेही ढकलल्या जातात. चाचणी झाल्यावर डीआरडीओ किंवा संरक्षण मंत्रालयाचं निवेदन येतं. 'माख ८, जगाला धडकी' असा मजकूर आला आणि त्यासोबत ना तारीख ना ठिकाण, तर तो पुढे ढकलण्याआधी ते निवेदन शोधा. नसेल, तर काकांना प्रेमाने सांगा.

चाचणी बघायला जाता येतं का?

जवळून नाही. चांदीपूरला चाचणी असली की आजूबाजूच्या गावांतल्या लोकांनाच काही तासांसाठी तात्पुरत्या शिबिरांत हलवतात आणि त्याची भरपाई देतात. मच्छीमारांना समुद्रात जायला बंदी. कलाम बेटावर तर सामान्य माणसाला पाऊलही ठेवता येत नाही. जवळच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांना त्रास नको म्हणून त्या काळात दिवे मंद ठेवतात आणि चाचण्याही आवरत्या घेतात.

बाकी दिवशी चांदीपूरला जरूर जा. ओहोटीला तिथला समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटतो आणि ओल्या वाळूवर लाल खेकडे धावायला लागतात. त्यांच्या मागे धावलात तर ते क्षणात बिळात. त्या ओल्या वाळूवर उभं राहून पाहिलं की कुंपण दिसतं, आणि कुंपणापलीकडे रडारची ताटं.